डेटला 'डेट' का म्हणतात?

पारिजात_७

शनिवारची गोष्ट. संध्याकाळी सासूबाई डायनिंग टेबलवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या, मी कुकर लावत होते आणि लेक आरशासमोर कानातले बदलून बदलून बघत होती. बाहेर पडता पडता म्हणाली, "आजी, मी जेवायला नाहीये गं, डेट आहे माझी."

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "अगं मग पोटात दुखत असेल, आज कशाला बाहेर जातेस? गरम पाण्याची पिशवी देऊ का?"

लेकीला दोन सेकंद कळेना, मग जी हसत सुटली! आमच्या घरात बायका 'डेट' म्हणजे पाळीची तारीखच म्हणत आल्यात. मग तिनं आजीशेजारी बसून नीट सांगितलं की तसं नाही, एक मुलगा आहे, त्याला भेटायला चाललेय, आधी कॉफी, मग जेवण, याला डेट म्हणतात. सासूबाई (वय ८१, कान डोळे शाबूत) चिडल्या वगैरे अजिबात नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भेटायला जातेयस तर भेट म्हण की. तारीख कसली? तारीख कोर्टात असते."

लेक गेली पण प्रश्न राहिला. खरंच की, दोघांनी हौसेनं भेटायचं आणि त्याला नाव काय तर तारीख! हे कधीपासून, कुठून आलं? कोणाला माहीत असेल तर सांगा, सासूबाईंना उत्तर द्यायचंय. त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत, रोज सकाळी चहाला विचारतायत, "लागला का शोध?"

कट्टेकरी

सोप्पंय. पहिल्या भेटीत दोघं खजूर खायचे :)

साळुंकी

सासूबाई फार आवडल्या. 'गरम पाण्याची पिशवी देऊ का' वाचून माझी आई डोळ्यासमोर आली.

रेवाकाठ

@कट्टेकरी, खजुराचा डेट वेगळ्या घरातला आहे, दिसायला फक्त सारखा. तो ग्रीक 'डाक्टुलोस' म्हणजे बोट, त्यावरून आला. खजूर बोटाच्या पेराएवढा लांबट असतो म्हणून.

तारखेचा डेट लॅटिन 'दाता' वरून. रोमन लोक पत्राच्या शेवटी 'दाता रोमे' असं लिहायचे, म्हणजे हे पत्र रोममध्ये अमुक दिवशी (पोचवणाऱ्याच्या हाती) दिलं. 'दाता' म्हणजे दिलेली. पुढे त्या 'दिलेली' लाच दिवसाचा अर्थ चिकटला. आपला 'दा' धातू आणि त्यांचा एकाच कुळातला, त्यामुळे दान, दत्त, डेट आणि आजकाल सगळीकडे असतो तो डेटा, हे सगळे लांबचे चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

आता दिवसाचं नाव भेटीला कसं लागलं? यात मला काही विचित्र वाटत नाही, कारण मराठीत आपण हेच रोज करतो. "आज माझा सोमवार आहे" याचा अर्थ काय? सोमवार तर सगळ्यांचाच असतो. पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं की उपास आहे, हिला साबुदाणा चालेल. "तिची चतुर्थी आहे", "त्यांचे गुरुवार चालू आहेत" हे सगळं तसंच. त्या दिवशी जे करायचं त्याला दिवसाचंच नाव. डेटचंही तेच झालंय. सासूबाईंना असं सांगून बघा, पटकन पटेल.

पारिजात_७

@रेवाकाठ, अहो काय सुंदर! "माझा सोमवार आहे" हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच सांगते.

उनाड_दुपार

एवढं काय त्यात. भेट ठरवायची तर तारीख ठरवावी लागते, म्हणून डेट. दाताच्या डॉक्टरची पण घेतोच की आपण.

शिकागोकर

@उनाड_दुपार, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण अर्धंच. ठरवलेली भेट या साध्या अर्थानं डेट आधीपासून चालूच होता, धंद्याची भेटसुद्धा त्यात आली. मुलगा-मुलगी भेटतात त्या खास अर्थाचा सगळ्यात जुना म्हणून जो पुरावा दाखवतात तो माझ्या गावचा आहे. १८९६ साल, 'शिकागो रेकॉर्ड' नावाचं वर्तमानपत्र, त्यात जॉर्ज एड नावाचा माणूस शहरातल्या रस्त्यांवरच्या लोकांवर सदर लिहायचा. त्यात आर्टी नावाचा एक तरुण कारकून आहे, अगदी बोलभाषेत बोलणारा. त्याची मैत्रीण हल्ली त्याला टाळतेय, तेव्हा तो तिला विचारतो की काय गं, माझ्या सगळ्या डेट्स आता तो दुसरा भरतोय वाटतं?

'भरतोय' हे क्रियापद बघा. म्हणजे तिच्या कॅलेंडरात चौकोन आहेत, त्यातले काही आर्टीचे होते, आता तिथं दुसऱ्याचं नाव पडतंय. तारीख म्हणजे तिनं द्यायची जागा होती. रेवाकाठ यांनी 'दिलेली' लिहिलंय ते इथं मला एकदम पटलं.

त्याच्या आधी काय होतं तेही महत्त्वाचं आहे. बऱ्या घरांमध्ये 'कॉलिंग' ची पद्धत होती. मुलगा मुलीच्या घरी यायचा, पण स्वतःहून नाही, मुलीनं किंवा तिच्या आईनं बोलावलं तर. बैठकीच्या खोलीत बसायचं, चहा, ती पियानो वाजवणार, आई शेजारच्या खोलीत. मुलानं "मी येऊ का" विचारणं वाईट दिसायचं. डेटिंगमध्ये हे सगळं उलटं झालं. भेट घरातून रस्त्यावर आली, बोलावणं मुलाकडून यायला लागलं आणि पैसेही त्यानं द्यायचे असं ठरून गेलं.

मीनू_ठाणे

आई शेजारच्या खोलीत! हे तर आपलं कांदेपोहे झालं की.

साळुंकी

फक्त पियानोच्या जागी "गाणं येतं का हो तुला?"

तळ्यातमळ्यात

@शिकागोकर, माहितीबद्दल खूप आभार, पण एक गोष्ट मला जोरात सांगायचीय. भेट घरातून रस्त्यावर 'आली' असं आपण म्हणतो तेव्हा वाटतं की कुणीतरी हौस म्हणून बाहेर पडलं. तसं नव्हतं. त्या मुलींकडे बैठकीची खोलीच नव्हती! १८९० च्या आसपास गावाकडून आणि युरोपातून हजारो मुली शिकागो, न्यूयॉर्कला कामाला आल्या, कुणी दुकानात कापड विकायला, कुणी शिवणाच्या कारखान्यात, कुणी धुलाईला. राहायच्या कुठं, तर एका खोलीत चौघीपाचजणी नाहीतर चाळीसारख्या इमारतीत सगळं कुटुंब एका खोलीत. तिथं पियानो कुठला आणि आई कुठल्या शेजारच्या खोलीत बसणार. मग भेटायचं तर बागेत, नाचाच्या हॉलमध्ये, किंवा न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोनी आयलंडला, तिथं जत्रेसारखी पाळण्यांची पार्कं होती, १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क निघालं आणि १९०३ मध्ये लूना पार्क. १९०५ नंतर पाच सेंटवाली छोटी सिनेमाघरं आली, तेव्हा तर अंधारात शेजारी बसायची सोय झाली.

पगार इतका तुटपुंजा की खोलीभाडं आणि जेवण गेल्यावर मजेला काही उरायचं नाही, म्हणून खर्च मुलगा करायचा. आणि त्यावरून त्या मुलींना काय काय ऐकावं लागलं! तो खर्च करतो म्हणजे ही धंदेवाली, असा सरळ हिशोब. न्यूयॉर्कात १९०५ साली चौदा प्रतिष्ठितांची एक समिती निघाली, तिची माणसं साध्या वेशात नाचाच्या हॉलमध्ये बसून कोण कोणाबरोबर पितंय त्याच्या नोंदी करायची. एक मुलगी दिवसभर उभं राहून काम करून संध्याकाळी एका मुलाबरोबर आईस्क्रीम खाते आणि कोपऱ्यात कुणीतरी ते टिपून घेतंय. मला हे वाचल्यापासून डेट या शब्दाबद्दल फार माया वाटते. तो श्रीमंतांच्या घरातून आलेला नाही, कामकरी पोरींनी कमावलेला आहे.

भटकभवानी

@तळ्यातमळ्यात +१००. आणि ते टिपून घेणारे अजून संपलेले नाहीत. मी आणि माझा आताचा नवरा पुण्यात झेड ब्रिजवर नुसते शेंगदाणे खात बसलो होतो तेव्हा एक काका स्कूटर थांबवून "घरी माहीत आहे का?" विचारून गेले. घरी माहीत होतं. आईनंच पाठवलेलं!

कट्टेकरी

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). मग काकांना दिले का शेंगदाणे?

भटकभवानी

नवऱ्यानं पुडी पुढे केली होती, काका घेऊन गेले!

नेपथ्य

मी बावीस वर्षं नाटकांचं व्यवस्थापन केलं. शिकागोकरांनी 'डेट्स भरतोय' लिहिलंय ते वाचल्यावर मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही, कारण आमचा सगळा धंदाच तारखांवर. आमच्यात कुणी "प्रयोग किती आहेत" असं विचारत नाही, "तारखा किती लागल्या" विचारतात. थिएटरच्या तारखा वेगळ्या, कलाकाराच्या तारखा वेगळ्या, दोन्ही जुळल्या की प्रयोग.

माझ्याकडे लाल कापडी पाठीची एक लांबट वही असायची, एका पानावर एक महिना. शनिवार रात्र आणि रविवार दुपार या दोन रकान्यांसाठी मारामारी. आधी पेन्सिलनं लिहायचं, कलाकाराचा होकार आला की त्यावर शाईनं. पेन्सिलचं नाव खोडून दुसरं यायचं तेव्हा कागद तिथं जरा खरखरीत व्हायचा, वर्षाच्या शेवटी पान उजेडात धरलं तर कोणत्या रविवारी किती भांडणं झाली ते दिसायचं. एकदा एका नामवंत नटानं (नाव नको) मला दिलेली तारीख दुसऱ्या संस्थेला दिली, आणि फोनवर म्हणाले, "अहो, तुमची तारीख पेन्सिलनंच होती ना?" इतकं वाईट वाटलं होतं... त्या आर्टीचं दुःख मला बरोबर कळलं.

उनाड_दुपार

@नेपथ्य, वही अजून आहे का? फोटो टाका ना.

नेपथ्य

आहेत, माळ्यावर सात वह्या. दिवाळीच्या सफाईत काढतो.

मीनू_ठाणे

तिसरी डेट राहिलीच की! डिलिव्हरीची. ऑफिसात नवीन आलेली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, १७ ला लवकर जाऊ का, डेट आहे." मी तिच्या पोटाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोघी हसलो आणि मी तिला साडेतीनलाच सोडली.

खरं सांगू का, बाईच्या आयुष्यात हा शब्द किती वेळा आणि किती वेगळ्या पोटदुखीनं येतो. चौदाव्या वर्षी कॅलेंडरवर गोल करायला शिकतो ती डेट, मग कुणाला भेटायला जायची डेट, मग डॉक्टर हातातलं ते गोल चाकासारखं फिरवून सांगतात ती डेट. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिन्ही होऊन गेल्यात, शिवाय दूध किती लिटर आणि गॅस कधी लावला ते पण त्याच चौकोनात.

गोदातीर

मी पैठणचा, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे डेट नव्हती असं कुणी समजू नये. शब्द होता 'संकेत'. संस्कृतात संकेत म्हणजे खूण, तसंच प्रेमिकांनी आधी ठरवलेली भेट, आणि ती जिथं व्हायची ती जागा म्हणजे संकेतस्थळ. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका आहेत. त्यात प्रियकराला भेटायला निघते ती अभिसारिका, नटून थटून वाट बघते ती वासकसज्जा, आणि ठरलेलं असूनही तो आलाच नाही ती विप्रलब्धा. म्हणजे टांग मिळालेल्या मुलीलासुद्धा आपल्याकडे स्वतंत्र नाव होतं!

आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती आहेच, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, गोदावरीच्या काठची. त्यात एक गाथा आहे तिचा भाव असा: भाताची शेतं पिकून पांढरी पडायला लागली म्हणून मान खाली घालून रडतेस कशाला, ते तागाचं शेत बघ, हरताळ (पिवळा रंग) लावून तोंड रंगवलेल्या नटीसारखं दिसतंय. वरवर बघितलं तर शेतीची गोष्ट. पण रडण्याचं कारण असं की उंच भातात ती आणि तो भेटायचे, आता कापणी होणार, आडोसा जाणार. मैत्रीण तिला सांगतेय की काळजी करू नकोस, ताग फुलावर आलाय, पुढची सोय झाली.

आमच्या शेताच्या बांधापलीकडे काकांनी हिरवळीच्या खतासाठी ताग केला होता, डोक्याइतका वाढतो आणि पिवळ्याधमक फुलांनी असा भरतो की आत कोण उभं आहे दिसत नाही. कॉलेजात ती गाथा शिकल्यावर मी मुद्दाम जाऊन त्यात उभा राहिलो होतो. एकटाच, पण कळलं.

साळुंकी

बाप रे. तागाचं शेत! अंगावर काटा आला. "आता कुठं भेटायचं" ही चिंता हजारो वर्षं जुनी आहे म्हणजे.

कट्टेकरी

थांबा थांबा. संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांची भेटायची जागा??? आणि आपण वेबसाइटला तेच म्हणतो??? म्हणजे मी रोज सकाळी वीजबिल भरायच्या संकेतस्थळावर जातो ते...

रेवाकाठ

@कट्टेकरी :) :) सर्व्हर डाऊन असेल त्या दिवशी तुम्ही विप्रलब्ध.

तळ्यातमळ्यात

@गोदातीर, अतिशय सुंदर प्रतिसाद, पण संकेत आणि डेट एकच हे मला मान्य नाही. संकेत चोरून असतो. डेटमधली सगळी गंमतच ही की ती चारचौघांत होते, हॉटेलात, सिनेमात, अनोळखी गर्दीत. चोरी नाही, फक्त घर नाही.

गोदातीर

@तळ्यातमळ्यात, मान्य. लिहिल्यावर मीही विचार करत होतो. अजून एक फरक सापडला. गाथेतल्या मुलीला दिवसाची फिकीरच नाही, तिला जागेची आहे. भात गेलं, ताग आला. तारीख वगैरे काही नाही, रोजच शेतात जाणं आहे, गुरं आहेत, पाणी आहे, संधी मिळेल तेव्हा भेट. शिकागोच्या मुलीला जागा पुष्कळ होत्या पण दिवस नव्हता. सोमवार ते शनिवार कारखाना. मोकळी संध्याकाळ हीच तिची एकुलती मालमत्ता, मग ती कुणाला द्यायची हाच मोठा प्रश्न. म्हणून आपल्याकडे भेटीला जागेचं नाव पडलं आणि त्यांच्याकडे दिवसाचं. शहर आणि घड्याळ आल्याशिवाय 'डेट' हा शब्द जन्मलाच नसता.

निळाईत

वा! मुंबईत मात्र जागा आणि वेळ दोन्ही लागतात. "सहा बाविसची फास्ट, दादरला इंडिकेटरखाली." आमचं लग्नाआधीचं सगळं प्रेम इंडिकेटरखाली झालं. तिची गाडी चुकली की मी उभ्या उभ्या पुढच्या पाच गाड्या वाचायचो.

उनाड_दुपार

बाहेरच्या भाषांत काय म्हणतात? मी तीन वर्षं स्पेनमध्ये होतो, तिथं 'सिता' म्हणतात. सरकारी कचेरीतली वेळ, दाताच्या डॉक्टरची वेळ आणि मुलीबरोबरची वेळ, सगळ्याला सिता. मूळ क्रियापदाचा एक अर्थ हजर राहायला बोलावणं. म्हणजे सासूबाईंचं "तारीख कोर्टात असते" तिकडे अगदीच चुकीचं नाही! फ्रेंच रांदेव्हूचं शब्दशः बघितलं तर 'हजर व्हा'.

शिकागोकर

आणि इंग्लंडात डेट पोचायच्या आधी म्हणायचे 'वॉकिंग आउट'. अमकी तमक्याबरोबर 'वॉक आउट' करते. थेट आपलं "ती दोघं फिरतात हल्ली."

साळुंकी

"फिरतात" मध्ये जे आहे ते डेटमध्ये नाही. आमच्या गावात "फिरतात" म्हटलं की पुढं आवाज खाली जायचा.

वेडीवाकडी_२२

मी इथली बहुतेक सगळ्यात लहान, म्हणून आमच्याकडचं सांगते. 'डेटवर जाणं' आणि 'डेट करणं' यात खूप फरक आहे, मोठ्यांना तो कळत नाही आणि मग घरी गोंधळ होतो. डेटवर गेले म्हणजे एक संध्याकाळ, बस. डेट करतोय म्हणजे चालू आहे, ठरलंय. त्याच्या आधी 'बोलणं चालू आहे' ही पण एक पायरी आहे. आई एकदा मावशीला म्हणाली "ही त्याला डेट करते", मी एकदाच वडापाव खाल्ला होता त्याच्याबरोबर!!

शिकागोकर

@वेडीवाकडी_२२, तुमचा 'एक संध्याकाळ, बस' हा अर्थच जुना आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत १९२०-३० च्या काळात जितक्या जास्त वेगवेगळ्या लोकांबरोबर डेट तितकी मुलीची पत मोठी, एकालाच धरून बसणं कमीपणाचं. विलर्ड वॉलर या समाजशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये यावर निबंध लिहिला होता, त्याचं म्हणणं की यात प्रेम कमी आणि दर्जाची चढाओढ जास्त. एकाबरोबर कायम राहायची चाल दुसऱ्या महायुद्धानंतर जोरात आली. तेव्हा आईला सांगा, वडापाव म्हणजे वडापाव.

अण्णा_सांगलीकर

सगळा धागा आज निवांत वाचला. तुम्हा लोकांना आमचं हसू येईल पण सांगतो. १९८७ साली आमचा साखरपुडा झाला, लग्न सहा महिन्यांनी. मी सांगलीला बँकेत, ही पुण्यात. फोन शेजाऱ्यांकडे, त्यामुळे बोलायची चोरी. पत्रं लिहायचो. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात दि. लिहून तारीख घालायची वडिलांची शिस्त. एका पत्रात मी मजकूर काही लिहिलाच नाही, धीर होईना. नुसतं वर दि. घालून पुढच्या महिन्यातली एक तारीख लिहिली, खाली 'सकाळची एसटी, स्वारगेट' आणि सही. बस.

गाडी वाटेत पंक्चर झाली, दीड तास उशीर. उतरलो तर ही उभी, शेजारी धाकटा भाऊ (त्याला पाठवलेलंच होतं राखणीला), त्याच्या हातात अर्धी झालेली दुसरी कुल्फी. ही म्हणाली, "तारीख तर बरोबर आहे ना?" मी म्हणालो हो. ते पत्र हिच्या ट्रंकेत आहे. 'डेट' शब्द आम्हाला तेव्हा माहीत नव्हता, पण कागदावर तारखेशिवाय दुसरं काही नव्हतंच.

मीनू_ठाणे

अण्णा!!! डोळे भरून आले. रोमन पत्र आणि शिकागोचा आर्टी, दोन्ही एकाच पत्रात.

भटकभवानी

अवांतर: तारखेवरून तिथी आठवली, अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. म्हणजे न ठरवता आला तर अतिथी, ठरवून आला तर डेट :)

रेवाकाठ

@भटकभवानी, गोड आहे आणि लहानपणी आपल्याला असंच शिकवतात, पण व्युत्पत्ती 'अत्' म्हणजे फिरणे, भटकणे या धातूवरून लावतात. भटकत आलेला तो अतिथी. तुमच्या नावाला तेच शोभेल!

आणि तारखेबद्दल सांगायचं राहिलं. तारीख अरबी, तिथं तिचा अर्थ इतिहास असाही होतो, आणि तिचं मूळ महिना-चंद्र या अर्थाच्या जुन्या सेमिटिक शब्दाशी जाऊन भिडतं. तिथी तर चंद्राचीच. तेव्हा सासूबाईंना सांगा की तारीख फक्त कोर्टात नसते, तिच्यात चंद्रही आहे.

पारिजात_७

किती दिलंत सगळ्यांनी! मी दोन दिवस गायब होते कारण एकेक गोष्ट सासूबाईंना सांगत होते, रात्री जेवण झाल्यावर. तागाचं शेत त्यांना लगेच कळलं, म्हणाल्या माहेरी होतं. शिकागोच्या मुलींची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "बसायला खोली नसेल तर काय करतील बिचाऱ्या." मग रेवाकाठ यांचं "माझा सोमवार आहे" सांगितलं, दिवसाचंच नाव कामाला पडतं ते. त्यावर त्या गप्पच झाल्या. मला वाटलं झोप आली.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमचा गुरुवार होता."

१९६३ साली लग्न झालं तेव्हा वाड्यात दोन खोल्या आणि घरात अकरा माणसं. नवऱ्याशी दिवसाउजेडी दोन वाक्यं बोलायची सोय नाही. त्यांच्या सासऱ्यांची करडी नजर, जावा-नणंदा सतत अवतीभोवती. फक्त गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात जायला परवानगी. माझे सासरे (म्हणजे त्यांचे यजमान) कचेरीतून घरी न येता परस्पर देवळात यायचे. मागच्या बाजूला औदुंबराला पार होता, त्यावर दहा-पंधरा मिनिटं बसायचं. ते खिशातून फुटाण्यांची पुडी काढायचे, पण यांचा उपास, मग त्या नुसत्या सोलून द्यायच्या. बोलणं काय, तर "पगार झाला", "आईचं पत्र आलं", असंच. परतताना त्या पुढे, ते दहा मिनिटांनी मागून.

घरात सगळ्यांना वाटायचं सूनबाई गुरुवार करते. "करतच होते," त्या म्हणाल्या, "उपासही खरा होता. पण आम्ही दोघं आपसात म्हणायचो ना, 'परवा गुरुवार आहे,' तेव्हा ते उपासाचं नसायचं."

साठ वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, अजून गुरुवार का करता, तेव्हा फक्त मान हलवली.

आज सकाळी लेक चहाला आली तेव्हा तिला विचारत होत्या, "मग? तुझा गुरुवार पुन्हा कधी आहे?" लेक एक क्षण बघत राहिली, मग म्हणाली, "आजी, माझा रविवार आहे." सासूबाई उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलनं एक छोटी फुली करून आल्या.

नेपथ्य

त्यांना सांगा, शाईनं करा.